वडिलांची बंद पडलेली जुनी गाडी त्यांना न सांगता नवीकोरी करून वाढदिवसाला भेट द्यावी का?

नका देऊ.

खरं तर उत्तर इथेच संपलं. पण तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याने माझी जुनी जखम खरवडली, म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणता, वडिलांशी फारसं बोलणं होत नाही, त्यांची गाडी बारा वर्षं पडून आहे, ती गुपचूप गॅरेजला देऊन सत्तराव्या वाढदिवशी दारात उभी केली तर आमच्यातलं अंतर कमी होईल का, आणि सुरुवात कुठून करू. हा प्रयोग आमच्या घरात होऊन गेलाय. कल्पना माझ्या दादाची, पैसेही त्याचेच. बाबांच्या कपाटातून चावी काढून दिली ती मात्र मी.

गाडी फियाट ११००. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, चारही चाकांना ड्रम ब्रेक, १०८९ सीसीचं इंजिन. बाबांकडे आली तेव्हाच ती सेकंडहँड होती. रविवारी बोनेट उघडलं की दादा कुठेतरी पसार व्हायचा आणि टॉर्च माझ्या हातात यायचा. लहानपणी ज्यांनी वडिलांना टॉर्च धरून दिलाय त्यांना जास्त सांगायला नको. बघायचं त्यांना, डोकं मध्ये त्यांचं, आणि उजेड पडत नाही म्हणून बोलणी आपल्याला. "मी बघतोय तिथे धर, तू बघतेयस तिथे नको." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आजही कुणाला उजेड दाखवताना आधी त्याच्या डोळ्यांकडे बघते.

बाबांची एक सवय होती. ग्लव्हबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ते पेन्सिलीने नोंदी करायचे. तारीख, मीटरचा आकडा आणि पुढे दोन-तीन शब्द. ऑइल बदललं. टॅपेट. पुढचे ब्रेक शू. डायनॅमोचे कार्बन. वही केली असती तर हरवली असती, झाकण कुठे जाणार, असं त्यांचं म्हणणं. त्या सगळ्या तेलकट नोंदींच्या मध्ये एक ओळ होती: मीटरचा आकडा आणि पुढे "दोघी घरी". तारीख माझ्या जन्मानंतर पाचव्या दिवसाची. बाबांनी माझ्याबद्दल स्वतःच्या हाताने लिहिलेलं, मला माहीत असलेलं, एवढंच.

आणि हे मला माहीत असूनही गाडी गॅरेजला जाताना मला ते आठवलं नाही. दादावर चिडायचा माझा हक्क इथे अर्धा होतो, हे तो मला अधूनमधून ऐकवतो.

"बिल्डिंगचं काम निघालंय, गाडी दुसरीकडे हलवतोय" असं बाबांना सांगितलं होतं. सात महिन्यांत त्यांनी दोनदा विचारलं, "तिथे पाणी साचत नाही ना?" आम्ही नाही म्हटलं. मग वाढदिवसाला कव्हर ओढलं. आरशासारखा रंग, बंपरवर नवं क्रोम, नवी सीट कव्हरं, नवं स्टिअरिंग. ड्रायव्हरच्या दारावरचा पोचा कुठे होता तेही ओळखू येईना. बाबांनी एक फेरी मारली, टपावर हात ठेवला, "छान केलीय" म्हणाले. आत बसले. ग्लव्हबॉक्स उघडला. झाकण आतूनही रंगवलेलं होतं, काम चोख होतं ना. त्यांनी तो हलकेच बंद केला आणि विचारलं, "आपली कुठे आहे?"

दादा हसला, त्याला वाटलं गंमत करताहेत.

जुन्या गाड्यांच्या जगात हा काही माझ्या एकटीचा हळवेपणा नाही. १९६६ साली स्थापन झालेली फिवा ही जुन्या वाहनांची जागतिक संघटना आहे. तिची ट्युरिन सनद म्हणून एक कागद आहे (ट्युरिन म्हणजे फियाटचंच गाव, नावातला शेवटचा 'टी' तिथलाच). त्यात जतन वेगळं आणि रिस्टोरेशन, म्हणजे पुन्हा पूर्वीसारखं करणं, वेगळं मानलंय, आणि मूळ आहे ते शक्य तेवढं राखा, कमीत कमी हात लावा, असा एकूण कल आहे. जुना रंग, झिजलेली सीट हा गाडीचा इतिहास असतो. हे मी दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "त्या सनदेत गंजलेल्या फ्लोअरबद्दल काय लिहिलंय?" असो.

पुढचे दोन महिने बाबा त्या गाडीशी पाहुण्याशी वागावं तसं वागले. आठवड्यातून एकदा चालू करायची, दहा मिनिटांनी बंद करायची. नवीन रंगाला ओरखडा जाईल म्हणून हाताचं घड्याळ काढून ठेवायचे. आणि बोलणं? होतं तेही कमी झालं. मुलांनी एवढा खर्च केलाय म्हटल्यावर नावडलं असं बोलायची सोय नाही, आणि आवडलं असं खोटं त्यांना बोलता येत नाही. भेट ही अशी तोंड बंद करते माणसाचं.

मग देवाची कृपा झाली आणि गाडी बिघडली. थंड असताना चालू व्हायची, जरा तापली की मिसिंग (म्हणजे इंजिनाचे ठोके चुकणं), सायलेन्सरमधून फटाके, आणि बंद. गॅरेजवाल्याने दोनदा कार्बोरेटर साफ केला. तिसऱ्यांदा तो कार्बोरेटर खोलायला लागला तेव्हा बाबा गॅलरीतून आवाज ऐकत उभे होते. तिथूनच म्हणाले, "कार्बोरेटर नाही तो." त्याने ऐकलं नाही. कोण ऐकतं?

त्याच संध्याकाळी अंधार पडल्यावर ते मला म्हणाले, "टॉर्च घे."

मी चाळिशीची बाई, टॉर्च घेऊन खाली गेले. बाबांनी प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, ठिणगीचा करंट देणाऱ्या कॉइलची जाड वायर इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवली आणि स्विच ऑन केला. इंजिन हाताने फिरवायचं हँडल पुढून घातलं. मी हँडल धरलं तर म्हणाले, "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, विळखा घालू नको." हँडल उलटं फिरलं तर विळखा घातलेला अंगठा मोडतो. झाकण काढलेलं असताना इंजिन उलटा फटका मारणारच नाही, हे मलाही कळत होतं, पण गप्प राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"टॉर्च बंद कर."

मी बंद केला. हँडल फिरवलं. ते वाकून बघत होते. एकदा, दोनदा. मग सरळ झाले, माझ्या हातातून हँडल काढून घेतलं आणि म्हणाले, "तू बघ. मी फिरवतो."

अंधारात पॉइंटच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करून करंट तोडणाऱ्या जोडीच्या, फटीत लख्ख निळी ठिणगी. हँडलच्या दर फेरीला चटक, चटक. ती ठिणगी तिथे एवढी मोठी दिसायलाच नको. पॉइंट उघडतात तेव्हा करंट फटीवरून उडी मारायला बघतो. शेजारचा छोटासा कंडेन्सर तो पोटात घेतो, म्हणून कॉइलमधला प्रवाह झटक्यात तुटतो आणि खरी ठिणगी प्लगला मिळते. कंडेन्सर गेला की तो जोर पॉइंटवरच जळून जातो. गॅरेजवाल्याने बसवलेला कंडेन्सर नवाकोरा होता आणि फुकट होता. बाबांच्या डब्यात एक जुना पडलेला होता, तो बसवला. पॉइंट घासले, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट लावली, अर्ध्या मिलिमीटरला जरा कमी. गाडी पाऊण तास उभ्या उभ्या चालली, एक ठोका चुकला नाही.

दादा परगावी असल्यामुळे त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे एवढ्याशा कंडेन्सरपायी तुम्ही माझ्या सात महिन्यांवर पाणी ओतताय.

त्यानंतरचे रविवार आमचे. मी शहाणपणा करून चारही प्लगच्या वायरी एकदम उपटल्या, तर बाबा काही बोलले नाहीत, एकेक वायर माझ्या हातात देत "एक, तीन, चार, दोन" म्हणत राहिले. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम, म्हणजे कुठल्या सिलिंडरला कुणानंतर ठिणगी मिळते तो. आता मला तो झोपेतही येतो. आम्ही भावनांबद्दल वगैरे बोलतो का? छे. बोलणं गाडीचंच. पण एकदा बोनेटमध्ये डोकं घालून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तुला आणलं त्या दिवशी सबंध रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये आलो. धक्के नकोत म्हणून. घरी येईपर्यंत रेडिएटर उकळला होता." आई जाऊन नऊ वर्षं झाली, तिनेही हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी टॉर्च धरून उभी होते. उजेड हलला असणार, कारण लगेच "नीट धर" आलंच.

आणि मग एका रविवारी त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन ग्लव्हबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू घासायला घेतली. चकचकीत रंगावर पेन्सिल उमटत नाही, म्हणून. तळहाताएवढा चौकोन घासून खरबरीत केला आणि तारीख, मीटरचा आकडा लिहून पुढे "कंडेन्सर" लिहिलं. दादाने पुढच्या खेपेला ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. त्या रंगाचा खर्च त्याने मला पुन्हा एकदा पाठ म्हणून दाखवला.

तर दादा, तू हे वाचत असशील तर (वाचतोसच): बाबांना गाडी हवी नव्हती, गाडीचं काम हवं होतं, आणि ते तू पैसे मोजून दुसऱ्याला देऊन टाकलंस.

आता त्याची बाजू, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. त्याचं म्हणणं, गाडी चालू झालीच नसती तर तुम्ही दोघं काय उघडून बसला असता? आमचीही वर्षानुवर्षं बंद उभी होती, तेव्हा तुला टॉर्च आठवला नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि फ्लोअरचा पत्रा खरंच सडला होता. वेल्डिंग काही आम्हाला जमलं नसतं. ब्रेकसुद्धा. या जुन्या गाड्यांत ब्रेकची लाइन एकच असते, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं हवेतली ओल शोषतं, ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. तेव्हा पत्रा आणि ब्रेक जाणकाराकडूनच करून घ्या, हौस बाजूला ठेवून. आमच्या गॅरेजवाल्याने ही दोन्ही कामं उत्तम केली होती, हे कबूल करायला हवं.

तुमची गाडी कोणती ते तुम्ही लिहिलं नाही, त्यामुळे ढोबळच सांगते. उत्साहाच्या भरात स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा, दोन-चार दिवस थांबा आणि मग हाताने फिरवून बघा. जाम असेल तर जोर लावू नका, आणखी ऑइल, आणखी दिवस. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, त्याचा डिंक झालेला असतो. रबरी पाइप बदला, हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलपुढे जुनं रबर टिकत नाही. जुनं इंजिन शिशाच्या पेट्रोलवर बेतलेलं असेल तर व्हॉल्व्ह सीटची (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कड, हल्लीच्या बिनशिशाच्या पेट्रोलवर ती झिजू शकते) चौकशी करून ठेवा. रोजच्या वापराला गाडी नसेल तर त्याची लगेच काळजी नको.

आणि सत्तरीचे सगळेच वडील माझ्या बाबांसारखे नसतील. काहींना गाडी म्हणजे एक डोकेदुखी होती आणि ती बंद पडली तेव्हा ते सुटले. तसं असेल तर त्यांना विकू द्या आणि दुसरं काहीतरी शोधा. पण ते कळायचं कसं, तर विचारून. वाढदिवसाची वाट कशाला बघता, येत्या रविवारी बोनेट उघडा आणि मुद्दाम काहीतरी चुकीचं करायला घ्या. आवडत असेल तर ते दोन मिनिटांत खाली येतील.

गॅरेजला द्यायचीच झाली, तर त्याआधी ग्लव्हबॉक्स, सीटखाली, डिकीत, सनशेडच्या मागे सगळीकडे बघा आणि फोटो काढून ठेवा. मी काढला नव्हता.