पंधराच्या डब्यात पावणेचौदा

प्रश्न : मी कोथरूडला राहतो. दिवाळीसाठी मार्केट यार्डातून शेंगदाणा तेलाचा 15 लिटरचा डबा आणला. शेजाऱ्यांनी त्याच दुकानातून 15 किलोचा आणला, माझ्यापेक्षा दोनशे रुपये जास्त मोजून. मी स्वस्तात मिळाला म्हणून खूश होतो. घरी काट्यावर ठेवला, तर डब्यासकट 15 किलोसुद्धा भरेना. दुकानदाराने मापात मारलं का?

उत्तर : दुकानदाराला बोल लावू नका, त्याने दिलंय ते बरोबर दिलंय. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसतं की पुढे आपण ते तेलालाही लावतो. (बसवणाऱ्यांत मीही होते, तीस वर्षं विज्ञान शिकवलंय.) शेंगदाणा तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण 910 ग्रॅम भरतं. तुमच्या डब्यात 15 गुणिले 0.91, म्हणजे 13 किलो 650 ग्रॅम तेल आहे. शेजाऱ्यांचं उलट करा : 15 भागिले 0.91, जवळजवळ साडेसोळा लिटर. दोनशे रुपयांत त्यांच्या घरी दीड लिटर तेल जास्त गेलं. सौदा कोणाला पडला, ते तुम्हीच बघा.

गुणायचं की भागायचं, यात वर्गातली हुशार पोरंही गडबडायची. लिटरचे किलो करताना गुणायचं, किलोचे लिटर करताना भागायचं. आणि उत्तर आलं की एकदा त्याच्याकडे बघायचं. तेल-तूप हलकं, तेव्हा किलोचा आकडा लिटरच्या आकड्यापेक्षा लहान यायला हवा. मोठा आला तर कुठेतरी उलटं झालंय. दूध मात्र पाण्याहून किंचित जड, लिटरला 1030 ग्रॅमच्या आसपास. मध तर 1400 ग्रॅमपर्यंत जातो.

पिशवीतलं तेल घेताना लिटर सोडा, ग्रॅमच वाचा. तेल तापलं की फुगतं, म्हणजे गरम तेलाच्या लिटरात वजन कमी. काही उत्पादक 60 अंशांपर्यंतचं तापमान बारीक अक्षरात छापून एक लिटर म्हणायचे. 2022 मध्ये केंद्र सरकारने त्यांना तापमानाचा उल्लेख काढून मापाबरोबर वजनही छापायला सांगितलं. ग्रॅम थंडीतही तेवढेच आणि वैशाखातही तेवढेच.

प्रश्न : आजीच्या वहीत चकलीची भाजणी अशी आहे : ‘तांदूळ चार मापटी, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, धणे अदपाव.’ याचे किलो कसे करायचे? आजीचं पितळी मापटं माळ्यावर सापडलंय. (सदाशिव पेठ)

उत्तर : मापटं सापडलंय म्हणजे निम्मं काम झालं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही सगळी धान्याची मापं, भरून मोजायची, आणि गावोगाव थोडी वेगळी. म्हणून कुठल्या तरी कोष्टकातून मापट्याचे ग्रॅम शोधत बसू नका. धणे मात्र आजीने वाण्याकडून तोलून आणलेले. तो शेर वजनी, 80 तोळ्यांचा, 933 ग्रॅमचा. त्याचा आठवा हिस्सा अदपाव, म्हणजे 117 ग्रॅम.

डाळ-तांदळाचं नुसतं प्रमाण आहे, तेव्हा कुठलंही एकच भांडं घेतलंत तरी चाललं असतं. पण मग धणे किती, याचा पत्ता लागला नसता. तेव्हा मापटं चिंचेने घासा, काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, तांदूळ भरा, वजन लिहून ठेवा. डाळींचंही तसंच, प्रत्येकीचं वेगळं. तेवढं आईंना किंवा आत्यांना विचारा, की आजी शीग लावून भरायच्या की हात फिरवून सपाट करायच्या. शिगेत बरंच धान्य मावतं.

प्रश्न : अर्धा किलो बेसन म्हणजे किती वाट्या?

उत्तर : या प्रश्नाने माझी लग्नानंतरची पहिली दिवाळी घालवली. आमच्या स्टीलच्या वाटीत पाणी मावायचं 150 मिली. मी बी.एस्सी. झालेली, लगेच हिशेब केला : वाटी 150 ग्रॅमची, अर्ध्या किलोला सव्वातीन वाट्या. बेसन चाळून, अलगद भरून घेतलं. तूप मात्र तोलून आणलेलं, पाव किलो. लाडू वळले तेव्हा बरे दिसत होते, ताटात ठेवल्यावर एकेक करून बसले. सासूबाईंनी ताट तिरकं करून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे चमच्याने द्यावे लागतील.”

ती वाटी अजून आहे. पुढे रविवार पेठेतून काटा आणला तेव्हा पहिल्यांदा तिलाच बसवलं. चाळलेलं बेसन भरलं 62 ग्रॅम. म्हणजे माझ्या सव्वातीन वाट्यांत जेमतेम 200 ग्रॅम बेसन होतं, त्यावर पाव किलो तूप! तेच बेसन वाटी ओट्यावर आपटून भरलं, तर 84. साखर 128, बारीक रवा 105 च्या आगेमागे, आणि पातळ पोहे तिसाच्या घरात. वाटी एकच. दाण्यांच्या मधे हवा किती शिरते, त्यावर सगळं. तुमच्या वाटीत किती पाणी मावतं ते न कळता मी आकडा देणार नाही; पण वाटी माझ्याएवढी असेल, तर चाळलेल्या बेसनाच्या आठ वाट्या धरा.

प्रश्न : केकच्या कृतीत ‘एक कप मैदा’ असतो. चहाचा कप चालेल का?

उत्तर : नाही. अमेरिकी कप साधारण 240 मिलीचा, आपल्याकडे मिळणाऱ्या मापांच्या संचात कधी 250 चा. मैदा चमच्याने भरून वरून सुरीने सपाट केलात, तर 240 च्या कपात 120 ते 125 ग्रॅम. साखर मात्र 200. पिशवीत कप खुपसून भरलात तर मैदा दाबला जाऊन सहज 20-25 ग्रॅम जास्त येतो आणि केक दडदडीत होतो.