रिकमनचं उदाहरण पूर्ण ऐकायला हवं

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी त्यातला मुद्दा थोडक्यात सांगते. मुलगा २६ वर्षांचा आहे. उपयोजित कलेची पदवी घेऊन तो पुण्यात एका डिझाइन स्टुडिओत नोकरी करतो, पगार बरा आहे. कॉलेजात एकांकिका केल्या, पुढे राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली. आता नोकरी सोडून मुंबईत खोली घ्यायची आणि ऑडिशन द्यायच्या, असं त्याच्या मनात आहे. घरात वाद झाला तेव्हा त्याने मोबाइलवर ॲलन रिकमनचा एक व्हिडिओ दाखवला. हॅरी पॉटरच्या चित्रपटांतला प्रोफेसर स्नेप तो हाच. हाही ग्राफिक डिझायनर होता, यानेही २६व्या वर्षी चालतं काम सोडलं, मग मी का नाही, असं मुलाचं म्हणणं. बाबा म्हणतात, नोकरी सांभाळून काय ते नाटक कर. तुम्ही मला विचारलंय की हे उदाहरण खरं आहे का, आणि खरं असेल तर मुलाला अडवायचं कशाच्या जोरावर.

उदाहरण खरं आहे. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तो व्हिडिओ १९७२ वरून थेट १९८८ वर उडी मारतो. मधल्या सोळा वर्षांत काय झालं, ते मुलाने ऐकायला हवं. तुम्हालाही ते उपयोगी पडेल.

रिकमनचा जन्म १९४६चा, पश्चिम लंडनमधल्या ॲक्टनचा. कामगाराचं घर. तो आठ वर्षांचा असताना वडील गेले आणि चार मुलांना आईने एकटीने वाढवलं. शिष्यवृत्तीवर लॅटिमर अप्पर स्कूल या चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला. नाटकाची गोडी तिथलीच. तरी शाळा संपल्यावर तो गेला चेल्सीच्या कला महाविद्यालयात, कारण अठराव्या वर्षी नाट्यशाळेत जाणं शहाणपणाचं मानलं जात नव्हतं, असं त्याने नंतर सांगितलं. (सगळे आईबाप सारखेच, तिकडचेही.) पुढे रॉयल कॉलेज ऑफ आर्ट, मग मित्रांबरोबर स्वतःचा ग्राफिक स्टुडिओ. तो चालू असताना त्याने रॅडाला, म्हणजे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टला, ऑडिशनसाठी पत्र टाकलं. निवड झाली.

इथे जरा थांबा. तो नशीब आजमावायला बाहेर पडला नाही. आधी एका संस्थेचं दार ठोठावलं, ते उघडलं, मग स्टुडिओ सोडला. तुमच्या मुलाच्या बेतात नोकरी सोडणं आहे, पण ते दार कुठेच दिसत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे.

डिझाइनचं कामही सुटलं नाही. १९७२ ते ७४ या रॅडाच्या काळात बाहेरची डिझाइनची कामं घेऊन आणि ड्रेसर म्हणून राबून त्याने खर्च भागवला. ड्रेसर म्हणजे नटाचे कपडे सांभाळणारा. इस्त्री करायची, अंधाऱ्या विंगेत पुढच्या प्रवेशाचा कोट धरून उभं राहायचं, नट आत आला की घाईत चढवायचा आणि पुन्हा बाजूला व्हायचं. राल्फ रिचर्डसन आणि नायजेल हॉथॉर्न यांच्यासारख्या दिग्गजांचे कपडे त्याने सांभाळले. इतकी मोठी माणसं रोज संध्याकाळी दोन हातांवरून बघायला मिळणं हे वर्गाइतकंच मोलाचं शिक्षण, असं मला वाटतं. मुलाला विचारा, एखाद्या व्यावसायिक नाटकाचा कपडेपट वर्षभर सांभाळशील का? या उत्तरावरून मला बरंच काही कळेल.

रॅडातून बाहेर पडल्यावर मँचेस्टर, लेस्टर, शेफील्ड, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल अशा शहरांतल्या रेपर्टरी थिएटरांत कामं केली. हा प्रकार आपल्याकडे जवळपास नाहीच. तिथे एकेका शहराचं स्वतःचं थिएटर असायचं, सरकारी अनुदान असायचं, नटांना ठरावीक मुदतीचा करार आणि आठवड्याचा पगार मिळायचा. एक नाटक उतरलं की दुसऱ्याच्या तालमी सुरू. शिकून आलेला नट तिथे भाकरी मिळवत मिळवत तयार व्हायचा. आपल्याकडे प्रायोगिकला पैसा नाही, व्यावसायिकला नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, मिळते ती प्रयोग लागला तर, आणि मालिकेत शिरलात तर तालीम म्हणजे काय ते विसरायला होतं. रिकमनला मिळालेली मधली शिडी तुमच्या मुलाला मिळणार नाही. उदाहरण डोळे झाकून उचलता येत नाही ते यामुळे.

१९७८ला तो रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेला. भूमिका मनाजोग्या नव्हत्या, म्हणून ते मोठं नाव सोडून लंडनच्या छोट्या थिएटरांत नवी नाटकं करू लागला. १९८२ साली बीबीसीच्या 'द बार्चेस्टर क्रॉनिकल्स' या मालिकेतल्या कावेबाज पाद्र्याने त्याला घरोघरी पोचवलं. १९८५ला त्याच कंपनीत परतून 'ले लियाझाँ दांज्येरूज' या नाटकात व्हालमाँची मुख्य भूमिका केली, तीही स्ट्रॅटफर्डच्या लहानशा नाट्यगृहात. नाटक लंडनला गेलं, १९८७ला ब्रॉडवेवर गेलं आणि टोनी या नाट्यपुरस्कारासाठी नामांकन मिळालं. मग १९८८ला त्यावर चित्रपट निघाला आणि व्हालमाँची भूमिका दिली जॉन माल्कोविचला! रंगभूमीवर जो जीव ओततो त्यालाच पडद्यावर घेतील असं नसतं, हे मुलाला आजच माहीत असू दे.

त्याच १९८८ साली 'डाय हार्ड' आला. रिकमनचा हा पहिला चित्रपट, तेव्हा वय ४२. हा मारधाडपट आपण करायचा का, हाच प्रश्न त्याला आधी पडला होता. मग त्याने निर्मात्याला चिठ्ठी लिहून सुचवलं की या खलनायकाला दहशतवाद्याच्या नेहमीच्या वेषाऐवजी सूट द्या. ते मानलं गेलं, आणि हान्स ग्रुबर आजही लोकांना आठवतो तो त्याच सुटात. माणूस कपड्यातून कसा दिसतो याचा विचार करणारा डिझायनर तिथे कामी आला असावा, असा माझा तर्क. तेव्हा कलाशाळेची वर्षं फुकट गेली असं घरात कुणी म्हणू नका.

आणखी एक बाजू पैशाची. त्याची जोडीदार रीमा हॉर्टन अर्थशास्त्राची प्राध्यापक होती, म्हणजे घरात एक नियमित पगार येत होता. ओळख १९६५ची, लग्न २०१२ला. हा भाग चिरंजीवांना मुद्दाम सांगू नका, नाहीतर उदाहरण म्हणून तोही पुढे येईल.

आता तुमच्या घराचं. बाबा चुकीचं बोलत नाहीत. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, १९६९ साली चाळिशी गाठल्यावर पूर्णवेळ रंगभूमीवर आले, तोवर डॉक्टरकी सांभाळून नाटक चालूच होतं. पण नोकरी सांभाळून कर, या सल्ल्यालाही मुदत असते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला वयाची अट साधारण तिशीपर्यंत आहे, पदवी लागते, नाटकांत कामं केल्याचा पुरावा लागतो. जागा तीसेक, पण निवड झाली तर शिष्यवृत्ती मिळते. पुण्यातच विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्सची अकॅडमी आहे, कॅमेऱ्यासाठीच शिकायचं तर एफटीआयआय ही चित्रपटशिक्षणाची संस्था आहे. अटी दरवर्षी बदलू शकतात, तेव्हा यंदाची जाहिरात त्याने स्वतः वाचावी, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नये.

माझं मत असं की येतं वर्षभर नोकरी सोडू नये, पण स्टुडिओशी बोलून आठवड्यातले दोन दिवस मोकळे करता येतात का पाहावं. आवाजावर आणि शरीरावर रोज मेहनत, एखाद्या प्रायोगिक संस्थेत पडेल ते काम, आणि दोन ठिकाणी प्रवेशाचा अर्ज. निवड झाली तर बाबांनी आडकाठी करू नये, हे त्यांच्याकडून आजच कबूल करून घ्या. दोन्हीकडे नाही झाली, तर पुढच्या वर्षी पुन्हा बसावं, अजून वय आहे. प्रवेश नाही, काम नाही आणि मुंबईत नुसती खोली, याला मात्र माझा साफ नकार आहे.

भेटायला या तेव्हा तिघेही या. त्याला म्हणावं, दोन स्वगतं पाठ करून आण, एक मराठी आणि एक हिंदी. शिवाय गेल्या सहा महिन्यांचा खर्च लिहून आण, खोलीचं भाडं आणि पेट्रोल धरून.