जुनी राजदूत ३५० मोटरसायकल घ्यायची तर एचटी (हाय टॉर्क) की एलटी (लो टॉर्क)?

रोज पुण्यात ऑफिसला आणि महिन्यातून एकदा गावी न्यायचीय म्हणताय ना, मग एलटी घ्या. का ते सांगतो, पण आधी खंबाटकीचं सांगू द्या. त्या घाटाचं नाव काढून माझा दादा मला अजून छळतो.

दादाची एचटी, माझी एलटी. दोन्ही एस्कॉर्ट्सच्या, म्हणजे मूळची यामाहाची आरडी: ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. एचटी ३०.५ हॉर्सपॉवर, एलटी २७. पेट्रोल वाचावं म्हणून तिचा गळा थोडा आवळलेला. या साडेतीन घोड्यांपायी आमच्याकडे किती जेवणं गार झाली!

१९९८ चा मे महिना. साताऱ्याला निघालो होतो. आदल्याच दिवशी फिटरने ऑइल पंपाच्या नळ्या काढून परत जोडल्या होत्या. घाट चढताना इंजिनाचा आवाज एकदम घट्ट झाला, चिर्र केलं आणि मागचं चाक जाम. क्लच दाबला म्हणून वाचलो, मागे एसटी होती. गाडी गार झाल्यावर दोन्ही प्लग काढले. उजवा तेलकट, चॉकलेटी. डावा कोरडा, पांढराफटक. डाव्या सिलिंडरला तेल नेणाऱ्या नळीत बोटाच्या पेराएवढी हवा अडकलेली. फिटर हवा काढायला विसरला, एवढंच झालं होतं. पण दादाने दर लग्नात सांगितलं, "एलटीला घाट झेपला नाही." अरे, तेल मिळालं नाही तर तुझी एचटी त्याच्या आधीच बसली असती!

एचटी पिसाटासारखी पळते, नाही म्हणत नाही. पण थांबते कुठे? जपानच्या आरडीला पुढे डिस्क होती, आपल्या वाट्याला ड्रम आला. सिंहगड रोडला समोर रिक्षा आडवी आली की तुम्हालाही कळेल. मायलेज विचारायचंच असेल तर स्प्लेंडर घ्या. माझी पंचविसाच्या वर कधी गेली नाही.

हां, एक राहिलंच. आज एचटी म्हणून विकायला येणाऱ्या बऱ्याच गाड्या म्हणजे एचटीचे ब्लॉक (म्हणजे सिलिंडर) चढवलेल्या एलटीच असतात, तेव्हा स्टिकर बघून पैसे देऊ नका. पिस्टन किती ओव्हरसाइजला गेलंय, म्हणजे झिजलेलं सिलिंडर घासून मूळच्यापेक्षा किती मोठा पिस्टन घातलाय, ते विचारा. आरसीचं नूतनीकरण झालंय का, पर्यावरण कर भरलाय का, तेही बघा. आणि तशी खरी, कुणी हात न लावलेली एचटी मिळालीच तर मग माझं ऐकू नका, घेऊन टाका. (हे दादाला कळू देऊ नका.)

आणि हो, ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच तेल ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दादाने तेच केलंय. हा सिग्नलला थांबला की मागचा स्कूटरवाला धुरात दिसेनासा होतो.