छापलेल्या हाडावर हात बसवताना

प्रिय डॉक्टर,

कानामागचं हाड थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतलंस आणि आता त्यावर ड्रिलचा सराव सुरू होणार, हे वाचून मनापासून आनंद झाला. देहदानातून मिळणारी हाडं कमी आणि शिकणारे हात जास्त. त्यातही एक हाड एकदाच कोरता येतं. छापलेलं हाड तेच्या तेच पुन्हा काढता येतं. एकाच रुग्णाच्या रचनेवर पुन्हा पुन्हा चुकायची मुभा आमच्या पिढीला नव्हती. तिचा भरपूर फायदा घे.

मात्र ड्रिल उचलण्याआधी ज्या सीटी स्कॅनवरून मॉडेल बनलं, तो उघडून शेजारी ठेव. स्कॅनचे काप साधारण अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचे. त्याहून पातळ हाड स्कॅनमध्ये धूसर उमटतं आणि हाडाची कड ठरवताना गळून जातं. डोळ्याच्या खोबणीच्या मॉडेलमध्ये तर तळाला अशी खोटी भोकं हमखास दिसतात. कानामागच्या हाडात बरेचदा उलटं होतं: हवेच्या बारीक पोकळ्यांत छपाईची पावडर किंवा रेझिन अडकतं आणि पोकळ भाग भरीव लागतो.

पाणी सतत सोडत राहा. पीएलए हे छपाईचं प्लास्टिक ६० अंश सेल्सियसच्या आसपासच मऊ पडतं, वितळून बरला, म्हणजे ड्रिलच्या फिरत्या टोकाला, चिकटतं. खरं हाड वितळत नाही, पण आतली फेशियल नर्व्ह, म्हणजे चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस, उष्णतेने भाजते. त्यामुळे ही सवय दोन्हीकडे कामाची.

मला खरी काळजी रंगांची वाटते. मॉडेलमध्ये फेशियल नर्व्ह ठळक पिवळी छापतात आणि डोळे त्या पिवळ्याला सोकावतात. शस्त्रक्रियेत ती अशी उठून दिसत नाही. लॅटरल सेमिसर्क्युलर कॅनाल (आतल्या कानातली तोल सांभाळणारी अर्धवर्तुळाकार नळी) आणि इन्कसचा (मधल्या कानातल्या एका चिमुकल्या हाडाचा) शॉर्ट प्रोसेस या खुणा धरूनच तिच्यापर्यंत जावं लागतं. सिग्मॉइड सायनस ही मेंदूकडून रक्त नेणारी मोठी शीर जवळ आल्यावर पातळ झालेल्या हाडातून दिसणारी निळसर झाकही साध्या प्लास्टिकमध्ये नसते, आणि रक्त तर नाहीच. ते दानातून मिळालेल्या हाडावर आणि वरिष्ठांच्या शेजारी उभं राहूनच शिकावं लागेल.

म्हणून पुढची प्रत एकाच रंगात छापून घे. कोरून झाली की फेशियल नर्व्हच्या मार्गावर आडवी काप आणि नर्व्हवर किती हाड उरलं ते कॅलिपरने मोज. आकडे मला कळव. पुढे कुठे थांबायचं, ते त्यावरून ठरवू.