'बटरनट' म्हणजे नेमका कुठला रंग?

प्रश्न असा आहे की अमेरिकन यादवी युद्धावरच्या (१८६१-६५) लिखाणात दक्षिणेकडच्या, म्हणजे कॉन्फेडरेट सैनिकांना कुठे 'ग्रे' तर कुठे 'बटरनट' म्हणतात, मग त्यांचा युनिफॉर्म खरा कुठल्या रंगाचा आणि बटरनटला मराठीत काय म्हणायचं?

आधी एक सांगतो, बाजारात मिळणाऱ्या बटरनट भोपळ्याचा इथे काही संबंध नाही. बटरनट हे अक्रोडाच्या कुळातलं अमेरिकेतलं झाड. त्याची साल आणि फळावरचं टरफल उकळून त्या पाण्यात लोकर रंगवली की तपकिरी रंग चढतो, रंग पक्का व्हायला हिराकस (लोहाचा क्षार) वगैरे घालायचे. दक्षिणेत हे काम घरोघरी बायका करायच्या, आणि मळ्यांवर गुलामीत राबणाऱ्या बायकांच्या हातूनही खूप कापड तयार व्हायचं, हे विसरून चालणार नाही.

कॉन्फेडरेट सैन्याच्या १८६१ च्या नियमात कोटाचा रंग 'कॅडेट ग्रे' होता, म्हणजे निळसर झाक असलेला करडा. पण उत्तरेच्या बाजूच्या राष्ट्राध्यक्ष लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, बाहेरून माल येणं अवघड झालं, मग जे हाताशी असेल त्यावर भागवायचं. कॉन्फेडरेट राजधानी रिचमंडसारख्या ठिकाणच्या सरकारी डेपोत कापड बेतायचे आणि शिवायला बायकांना घरी द्यायचे. हे कापड बऱ्याचदा 'जीन' असायचं, पण आपण घालतो ती जीन्स डोळ्यापुढे आणू नका, ह्यात ताणा (उभे धागे) सुती आणि बाणा (आडवे धागे) लोकरीचा. दक्षिणेत कापूस भरपूर, लोकरीची मात्र टंचाई, त्यामुळे असं मिश्र कापड त्यांना परवडायचं. शर्ट-चड्ड्यांना 'ऑस्नाबर्ग' नावाचं जाडंभरडं सुती कापड असायचं.

आता खरी गंमत रंगाची. लॉगवुड, सुमाक असल्या वनस्पतींपासून केलेला करडा उन्हात टिकत नाही, उडत उडत मातकट तपकिरी होतो. जपून ठेवलेल्या काही जॅकेटांत वरून तपकिरी दिसतं पण शिवणीच्या आत, जिथे ऊन पोचलंच नाही तिथे, करडा अजून शाबूत आहे. म्हणजे एखादा सैनिक 'बटरनट' दिसतोय म्हणून त्याचं कापड बटरनटनेच रंगवलेलं असेल असं धरता येत नाही, तो मूळचा ग्रेसुद्धा असू शकतो! पुढे पुढे नाकेबंदी चुकवून इंग्लंडचं निळसर करडं लोकरी कापड बरंच आलं, आयर्लंडमधल्या लिमरिकच्या पीटर टेटच्या कारखान्यातून तर तयार जॅकेटं आली, त्यामुळे शेवटच्या काळातले सगळेच काही मातकट नव्हते.

नुसता रंग सांगायचा असेल तर माझ्या मते 'मातकट तपकिरी' म्हणावं, 'खाकी' नको, कारण खाकी म्हटलं की आपल्याला पोलीस आठवतो. सैनिकाला उद्देशून आला असेल तर 'बटरनट'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ द्या. संदर्भ मात्र बघून घ्या, कारण उत्तरेच्या बाजूच्या ओहायो, इंडियाना, इलिनॉय या राज्यांतल्या दक्षिणधार्जिण्या साध्या नागरिकांनाही त्या काळी बटरनटच म्हणायचे.