सही करण्याआधी कागद वाचा : कॉलेजातल्या मुलांच्या पालकांचे प्रश्न

निकाल लागले की पालकांचे प्रश्न येऊ लागतात. दर वर्षी गावांची नावं तेवढी बदलतात. कॉलेजच्या मार्गदर्शन कक्षात बसून मी तीच उत्तरं देत आले आहे, तेव्हा यंदा ती एका जागी लिहून टाकते.

प्रश्न : मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, केमिस्ट्री. पुढे एमएस्सी करावी की एमबीए? (वडील, सातारा)

हा प्रश्न तिने विचारला की उत्तर देईन. तिला सोबत घेऊन या आणि पहिली दहा मिनिटं तुम्ही बाहेर बसा.

प्रश्न : एका केंद्रात बोटांचे ठसे घेऊन मुलाचा कल सांगतात. फी सहा हजार आहे. करून घ्यावं का? (आई, अहिल्यानगर)

नको. बोटांच्या ठशांवरून बुद्धी किंवा करिअर ओळखण्याला शास्त्रीय आधार नाही. रंगीत अहवाल जाडजूड असतो आणि त्यात झाडून सगळ्या मुलांमध्ये 'नेतृत्वगुण' निघतात. कल चाचणी करायचीच असेल तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडे जा. तीही बोलायला सुरुवात म्हणूनच घ्या, भविष्य म्हणून नको.

प्रश्न : मुलगा बीकॉम झाला. सहा महिन्यांचा डेटा सायन्सचा कोर्स आहे, फी दीड लाख. शंभर टक्के प्लेसमेंट, हप्ते नोकरी लागल्यावर. आज नाव नोंदवलं तर तीस हजार सूट आहे. काय करावं? (वडील, नाशिक)

आज काहीच करू नका. 'आज' हा शब्द आला की उठून घरी यायचं, एवढं तरी ठरवून टाका.

हा प्रकार कसा चालतो ते नीट सांगते, कारण दर महिन्याला एखादा बाप हातात कागद घेऊन माझ्यासमोर बसलेला असतो. आधी फुकट डेमो. मग 'काउन्सेलर' म्हणवणारा एक गोड बोलणारा पोरगा. त्याला पगाराबरोबर प्रवेशामागे पैसे मिळतात. तो पॅन, आधार आणि बँकेचं स्टेटमेंट मागतो, 'फक्त नोंदणीसाठी'. मोबाइलवर ओटीपी येतो, तुम्ही तो सांगता, आणि तेवढ्यात एका फायनान्स कंपनीचं कर्ज तुमच्या किंवा मुलाच्या नावावर चढलेलं असतं. रक्कम थेट संस्थेच्या खात्यात जाते, हप्ते तुमच्या खात्यातून कापले जातात. 'नोकरी लागल्यावर' हे तोंडी असतं. करारात पहिल्या हप्त्याची तारीख बहुतेक वेळा पुढच्याच महिन्याची निघते. मुलाने कोर्स मध्येच सोडला तरी हप्ता थांबत नाही, कारण कर्ज देणारा वेगळा आणि शिकवणारा वेगळा. हप्ता चुकला की सिबिल स्कोअर खाली येतो, आणि उद्या त्याच मुलाला खरं शैक्षणिक कर्ज हवं असेल तेव्हा बँक तोंड फिरवते.

आता ती 'हमी' वाचा. मला दाखवलेल्या करारांत हमी मुलाखतींची होती, नोकरीची नव्हे. तीही हजेरी अमुक टक्के, सगळ्या असाइनमेंट वेळेवर आणि देशात कुठेही जायची तयारी असेल तरच. एका प्रकरणात पहिली 'ऑफर' कमिशनवरच्या विक्रीच्या कामाची होती. ती नाकारली की हमी संपली.

तुमच्या हातात काय आहे? कर्ज देणाऱ्याने सहीआधी 'मुख्य तथ्य पत्रक' दिलंच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात वार्षिक व्याजदर सगळ्या खर्चांसह लिहिलेला असतो. मोबाइलवरून घेतलेल्या कर्जात दंड न भरता माघार घ्यायची मुदतही असते, ती किती दिवसांची ते त्याच पत्रकात पाहा. मुदत छोटी असते, म्हणून आधी चुलत्याला, मग मेव्हण्याला विचारत बसू नका. कोचिंगच्या जाहिरातींत निवडीची किंवा नोकरीची खोटी हमी देण्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024च्या मार्गदर्शक सूचनांत मनाई केली आहे. फसवणूक झाली असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. सही अजून व्हायची असेल तर करार घेऊन वकिलाकडे किंवा तुमच्या बँकेच्या शाखेत जा. आणि एक साधं काम : गेल्या बॅचमधल्या तीन मुलांचे नंबर मागा. संस्थेने निवडलेले नकोत, मुलाला स्वतः शोधू दे.

डेटा सायन्स वाईट आहे असं मी म्हणत नाही. बीकॉमच्या मुलाला ते आवडतंय का, हे एक्सेल आणि संख्याशास्त्राचा फुकट उपलब्ध असलेला अभ्यास दोन महिने करून कळतं.

प्रश्न : जर्मनीत शिक्षण फुकट असतं ना? एजंट म्हणतो, खर्च काहीच नाही. (वडील, ठाणे)

बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला 1,500 युरो भरावे लागतात. शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे 'ब्लॉक्ड' खात्यात (दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते असं खातं) आधी दाखवावे लागतात. सप्टेंबर 2024पासून तो आकडा 11,904 युरो झाला. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखला, लागतो. एजंटला काही विद्यापीठं कमिशन देतात आणि तो त्यांचीच नावं पुढे करतो. परदेशी विद्यार्थ्यांना माहिती देणाऱ्या डाड (DAAD) या जर्मन संस्थेची माहिती स्वतः वाचा, मग हवं तर सल्लागाराकडे जा.

प्रश्न : मुलगा पुण्यात एमपीएससी करतोय. दोनदा पूर्वपरीक्षेत राहिला. अजून किती वर्षं पैसे पाठवायचे? (वडील, लातूर)

मुलाच्या मार्कांचे कागद पाहिल्याशिवाय वर्षं सांगणार नाही. कटऑफपासून तो चार गुणांवर होता की चाळीस, हे तुम्हाला ठाऊक आहे का? बहुतेक वडिलांना नसतं. खोलीचं भाडं आणि मेसचा दर तेवढा तोंडपाठ असतो. खुल्या गटाला वयाच्या 38व्या वर्षापर्यंत परीक्षा देता येते, आणि ही सवलतच अनेक घरांना महागात पडते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025पासून वर्णनात्मक झाली आहे. तेव्हा नुसत्या पर्यायांवर खुणा करायच्या तयारीवर भागणार नाही. त्याने लिहिलेली दोन उत्तरं एखाद्या चांगल्या शिक्षकाला दाखवा. मग शेवटचा प्रयत्न कोणता आणि त्याबरोबर दुसरं काय चालू ठेवायचं, हे दोघांनी बसून कागदावर लिहा. यशस्वी झालेल्याकडे सगळेच जातात. तयारी सोडून दुसरीकडे रुळलेल्या एखाद्यालाही त्याने भेटावं.

प्रश्न : पदवीनंतर प्रवेश घ्यायचाय. जात वैधता प्रमाणपत्राला अजून वेळ आहे ना? (आई, जळगाव)

नाही. आजच सुरू करा. ओबीसी असाल तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. तो गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमधून काढावा लागतो, आणि 'माळी'चं 'माली' झालेलं असेल तर पुढे आणखी चकरा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत जोडा. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदतही तपासा, ते 31 मार्चला संपतं. काही अडलं तर थेट जिल्हा पडताळणी समितीच्या कार्यालयात विचारा, कार्यालयाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला नको. पालकांनी करिअरसाठी काय करावं असं मला विचारतात, तेव्हा मी आधी या फायलीकडे बोट दाखवते.

प्रश्न : आम्ही दोघंही दहावीच्या पुढे गेलो नाही. मुलगी बीकॉमला आहे. तिला आम्ही काय सांगणार? (आई, सांगोला)

ताई, घरात पैसे किती आहेत ते सांगा. पुढची दोन वर्षं शिक्षणाला किती देता येतील, सोसायटीचं कर्ज किती, धाकट्याची फी कधी. आकडा कळला की मुली बेत आखतात. नाही कळला की नुसत्या घाबरतात. दुसरं, नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत, आणि ते अनेक ठिकाणी सही-शिक्क्यावर उरकलं जातं. तुमच्याकडे डाळिंबवाल्यांचे हिशेब पाहणारे कर सल्लागार असतील. त्यांच्याकडे तिला महिनाभर बसू द्या. टॅलीत नोंद करून जीएसटीचं विवरणपत्र भरताना एकदा तिची चूक निघाली की हे काम आपलं आहे का, ते तिलाच कळेल. त्या ओळखी तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत.

प्रश्न : कॅम्पसच्या तीन मुलाखतींत मुलाला नकार आला. तो आता कुणाशी बोलत नाही. विषय काढावा का? (आई, छत्रपती संभाजीनगर)

नोकरीचा सध्या काढू नका, जेवणाखाणाचा काढा. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे तुम्ही सोबत जा. झोप उडाली असेल किंवा 'माझा काही उपयोग नाही' असं तो म्हणू लागला असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. त्याच्याआधी तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालेल. प्लेसमेंट अधिकाऱ्याला मात्र त्याच्या नकळत फोन करू नका.