कस वेगळा, कसब वेगळं

बेळगावच्या टिळकवाडीतून आलेला प्रश्न असा: “आम्ही पाचजण मिळून डन्जन्स अँड ड्रॅगन्स (एकेक काल्पनिक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळतो. तिघं मराठी, दोघं कन्नड. कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या नोंदीचा कागद, मराठीत लिहायचं ठरवलंय, खरं अबिलिटी आणि स्किल या दोन्हींना आम्ही कौशल्यच म्हणतो. बुद्धी वाढली की कौशल्यता आपोआप वाढते काय? आणि मागच्या लेव्हलचे (पायऱ्यांचे) स्किल पॉइंट मागाहून मिळतात काय?”

‘कौशल्यता’ आधी खोडा. कुशल हे विशेषण, त्याचं भाववाचक नाम कौशल्य. त्याला वर ‘ता’ लावणं म्हणजे एकाच कामाला दोन प्रत्यय जुंपणं. प्रावीण्यता, नैपुण्यता, औदार्यता ही सगळी त्याच कुळातली. सत्काराच्या मानपत्रांत आणि निवेदकांच्या तोंडी हे शब्द इतके मुरलेत की बरोबर ‘कौशल्य’ लिहिणाऱ्यालाच लोक विचारतात, काही राहिलं का? काही राहिलेलं नाही. कुशलता लिहा नाहीतर कौशल्य लिहा.

पण तुमची खरी अडचण पुढची आहे. एकाच शब्दात दोन गोष्टी कोंबल्यामुळे तुम्हाला हिशेबच कळेनासा झालाय. १९७४ साली हा खेळ आला तेव्हापासून पात्राच्या सहा अबिलिटी आहेत: ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण, छाप. मूळ रीत अशी की तीन फासे टाकायचे आणि ३ ते १८ मधला जो आकडा येईल तो घ्यायचा. ते पात्राला मिळालेलं भांडवल. स्किल म्हणजे त्या भांडवलावर शिकून, घासून कमावलेली गोष्ट. २०१४ च्या आवृत्तीत अशी अठरा आहेत आणि प्रत्येक कुठल्या ना कुठल्या अबिलिटीला बांधलेलं आहे. बुद्धीला पाच, शहाणपणाला पाच, ताकदीला एकच, चिवटपणाला एकही नाही.

मराठीत या दोन गोष्टींना दोन शब्द तयार आहेत. अबिलिटीला कस म्हणा, स्किलला कसब. (कौशल्याच्या मुळाशी कुश म्हणजे दर्भ खुडणारा कुशल, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मम्मट आणि विश्वनाथ या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकारांच्या मतभेदात तिचा पुरेसा कीस निघालाय. मी तिकडे जात नाही.)

‘कसात ब मिळवला की कसब’ असं सांगणारे लोक मला वरचेवर भेटतात. या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. कस संस्कृत ‘कष’ पासून आला. कष म्हणजे सोनं घासून पाहायचा दगड. कसोटी त्याच घरातली. कसब अरबी आहे. ‘कस्ब’ म्हणजे कमाई, मिळवणं, मेहनतीने हाती आणणं. उर्दूत पोटापाण्याच्या कमाईला ‘कस्ब-ए-मआश’ म्हणतात. दहाव्या शतकातल्या अल्-अशअरी या इस्लामी धर्मपंडितांच्या विचारात तर कस्ब ही नेमकी संज्ञाच झाली: कृती निर्माण करतो ईश्वर, माणूस ती ‘कमावतो’. फाशांनी दिलं ते एक आणि खेळाडूने मिळवलं ते दुसरं, हा भेद या एका शब्दात आधीच भरलेला आहे. परिभाषा घडवणाऱ्या मंडळींना हा शब्द हाताशी असताना सगळीकडे कौशल्य लिहावंसं का वाटतं, ते मला उमगत नाही. अरबी म्हणून नको असेल तर वकील, हिशेब, तारीख हेही काढून टाका आणि मग एक दिवस बोलून दाखवा.

आता कसबा. पेठेत कसबी लोक राहायचे म्हणून कसबा, ही व्युत्पत्ती फलकांवर आणि गावांच्या माहितीपत्रकांत छापली जाते. ती चूक आहे. कसबा आला ‘क़सबा’ वरून. त्यातला ‘क’ घशातून येतो आणि ‘स’ जड आहे. कस्बमधला क साधा, स साधा. अरबी लिपीत दोन्ही अक्षरं निराळी. मराठीत आल्यावर दोन्हींचा पोशाख एक झाला आणि लोकांनी सोयरीक जुळवली. कागलजवळचं कसबा सांगाव किंवा गडहिंग्लजकडचं कसबा नूल ही बाजाराची, कारभाराची मोठी गावं होती म्हणून कसबा. अल्जीयर्समधल्या जुन्या गढीचा भाग ‘कासबा’ म्हणवला जातो, तोही हाच शब्द. कारागिरांचा इथे काही संबंध नाही.

गंमत पुढे आहे. त्याच जड ‘स’ च्या घरातला ‘क़सब’ म्हणजे बोरू, वेत, आणि त्यावरूनच सोन्यारुप्याची तार, म्हणजे जर. जुन्या मराठीतला ‘कसबी पदर’ म्हणजे जरीचा पदर, कसबी माणसाने विणलेला पदर नव्हे. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागावर बसलेल्या विणकराच्या बोटांत एक कसब आणि धाग्यात दुसरं कसब, आणि दोन्ही अरबी असून परस्परांचे कोणी नव्हेत. हे कळलं त्या दिवसापासून मला जरीच्या पदराकडे नुसतं पाहता येत नाही.

तुमच्यातले दोघं कन्नड आहेत, म्हणून एक आक्षेप येणारच. कन्नडात ‘कस’ म्हणजे केर. “तुझा कस किती?” असं विचारलं तर समोरचा दुखावेल. उत्तर त्यांच्याच भाषेत आहे: ‘कसुवु’ म्हणजे जोम, बळ. आणि कसबाला ते ‘कसुबु’ म्हणतात, धंदा-उद्योग या अर्थाने. म्हणजे तुमच्या टेबलावर कस–कसब आणि कसुवु–कसुबु अशा दोन जोड्या शेजारी शेजारी बसतील.

या कसुवुवर माझं एक मत आहे आणि ते मी सोडणार नाही. कोशकार कसाचा प्रवास कसोटीच्या दगडावरून सांगतात. सोन्याचा कस इथवर मान्य. पण जमिनीचा कस? माती कुणी दगडावर घासून पाहत नाही. सोन्याच्या शुद्धतेवरून मातीच्या जोमावर उडी कशी पडली, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. मला वाटतं तिथे कसुवु आत शिरलाय. निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात एकाच बांधाच्या अलीकडे मराठी आणि पलीकडे कन्नड शेतकरी. मातीबद्दल दोघं बोलतात तेव्हा शब्द बांध ओलांडतात. सोनाराचा कस आणि कानडी शेतकऱ्याचा कसुवु यांचा या पट्ट्यात संगम झाला आणि ‘कसदार जमीन’ तयार झाली, असं मी मानतो. पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांना सगळं संस्कृतातून उतरवायची सवय आहे. त्यांनी चार दिवस चिकोडीच्या बाजारात उभं राहून कान द्यावेत.

हा अर्थ घेतला की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मातीतच मिळतं. यंदा शेणखत घालून जमिनीचा कस वाढवला तर यंदाचं आणि पुढचं पीक सुधारेल. गेल्या वर्षी मळणी झालेलं धान्य वाढणार नाही. तुमच्या खेळाच्या साडेतीनव्या (३.५) आवृत्तीचा नियम नेमका असाच होता. तिथे दर लेव्हलला मिळणारे स्किल पॉइंट बुद्धीवर ठरायचे. बुद्धी वाढली तर त्या लेव्हलपासून पुढे जास्त पॉइंट, मागचे नाहीत. त्याच आवृत्तीवर बेतलेल्या, २००९ साली आलेल्या पाथफाइंडर या खेळाने हे बदललं: कायमची वाढ असेल तर मागच्या सगळ्या लेव्हलचे पॉइंट जोडून द्यायचे. हिशेबाला ते सोपं पडतं, मान्य. पात्र नव्याने मांडताना कुठली वाढ केव्हा झाली हे आठवावं लागत नाही. पण कस्ब म्हणजे कमाई, आणि न केलेली कमाई मागाहून वहीत चढवणं मला पटत नाही. बुद्धी वाढवणारी जादूची कपाळपट्टी तिथे ठरावीक स्किल बरोबर घेऊन येते, पट्टी काढली की तीही जातात. ते उसनं आहे. त्याला कसब म्हणू नका.

तुम्ही २०१४ ची आवृत्ती खेळत असाल तर बुद्धीवरून पॉइंट मिळतच नाहीत, वादच मिटला. तिथे कसातून दहा वजा करायचे, निम्मे करायचे, अर्धा उरला तर खालचा पूर्णांक घ्यायचा. तो मॉडिफायर, म्हणजे फाशाच्या आकड्यात मिळवायची भर. चपळाई १४ ची १५ झाली तर काहीच हलत नाही. १६ झाली की +२ चे +३ होतात आणि चपळाईला बांधलेली तिन्ही स्किल, कसरत, हातचलाखी, लपणं, एकेकाने वर जातात, शिकलेली असोत वा नसोत. पण न शिकलेलं त्यामुळे शिकलेलं होत नाही. शिकल्याची भर निराळी, पहिल्या लेव्हलला +२ आणि सतराव्यापासून +६. तिला प्रावीण्य म्हणा. प्रावीण्यता नको.

शीटवर दोन रकाने करा, डावीकडे कस, उजवीकडे कसब. आणि ‘माझी कसब वाढली’ असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा. कस पुल्लिंगी, कसब नपुंसकलिंगी: माझा कस वाढला, माझं कसब वाढलं.